खात्यात जास्त आलेला पगार आणि त्याची वसुली

बेंगळुरूच्या शिवाजीनगर बसस्थानकावर उतरलं की चालत जाता येईल एवढ्याच टापूत तीन तऱ्हेचे पगारदार भेटतात. बोअरिंग अँड लेडी कर्झन रुग्णालयातले कर्मचारी सरकारी. स्थानकातल्या बसगाड्या ज्या बीएमटीसीच्या, ते सरकारचं महामंडळ. तिथला कायम चालक किंवा वाहक महामंडळाचा नोकर. आणि रसेल मार्केट, ज्वेलर्स स्ट्रीट, कमर्शियल स्ट्रीट या भागातले सेल्समन, कारागीर, हिशेबनीस, शिंपी खासगी मालकांकडे कामाला. या तिघांच्याही खात्यात सहा महिने चुकून जास्त पगार जमा झाला असं समजा. चूक एकच, पण पुढे काय होणार याची उत्तरं तीन वेगवेगळी आहेत. पगारावर जगणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असायला हवीत. जादा पगाराची मागणी येते तेव्हा माणूस बहुधा घाबरतो, आणि घाबरलेला माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो.

आधी ही चूक होते कशी ते पाहू. खासगी आस्थापनेत पगारपत्रक महिना संपायच्या आधीच तयार होतं. पंचवीस तारखेच्या आसपास हजेरी बंद करतात, आकडे गोठवतात आणि फाइल बँकेकडे जाते. त्यानंतर कोणी बिनपगारी रजेवर गेलं किंवा काम सोडून गेलं, तरी त्याचा पूर्ण महिन्याचा पगार निघालेला असतो. जादा पगाराचं हे सर्वांत साधं आणि सर्वांत जास्त आढळणारं कारण. दुसरं कारण पगारवाढीचं. वाढ एकदा मूळ पगारात मिळवली जाते आणि पुन्हा ‘इतर भत्ता’ म्हणूनही नोंदली जाते. कधी बँकेची तीच फाइल दोनदा चढते. छोट्या दुकानांत आणि कारखान्यांत उचलीचा घोळ असतो. खानापूर, आटपाडी, विटा या भागांतून देशभरच्या सराफ बाजारांत गेलेल्या, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाई कामगारांना उचलीची वही चांगली ठाऊक आहे. सणाला किंवा लग्नाला घेतलेली उचल पगारातून कापायची राहून गेली, की वर्षअखेरीस मालक म्हणतो, तुझ्याकडे माझे इतके निघतात. कायद्याच्या हिशेबी उचल आणि जादा पगार या दोन वेगळ्या गोष्टी, पण वसुलीच्या वेळी दोन्ही एकाच कलमात येतात.

आता मुख्य प्रश्न. चूक मालकाची, मग पैसे परत का द्यायचे? याचं उत्तर १८७२ च्या भारतीय करार कायद्यातल्या कलम ७२ मध्ये आहे. चुकीने किंवा जबरदस्तीमुळे ज्याला पैसे मिळाले, त्याने ते परत केले पाहिजेत. कायद्याने सोबत दिलेलं उदाहरण सोपं आहे: अ आणि ब मिळून क चे शंभर रुपये देणं लागतात. अ ते फेडतो. हे माहीत नसलेला ब पुन्हा शंभर रुपये देतो. क ला हे दुसरे शंभर रुपये परत करावे लागतात. क ने काहीही लबाडी केलेली नाही, तरीही. म्हणजे परतफेडीची जबाबदारी घेणाऱ्याच्या दोषावर अवलंबून नाही. पैसे त्याचे नव्हते, एवढंच पुरेसं आहे. चूक वस्तुस्थितीची असो की कायदा समजून घेण्यातली असो, दोन्ही या कलमात बसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने बनारसच्या विक्रीकर अधिकाऱ्याच्या खटल्यात १९५८ मध्येच ठरवलं. मालकाला दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते, आणि चुकीच्या बाबतीत ती चूक लक्षात आल्यापासून, किंवा नीट पाहिलं असतं तर जेव्हा लक्षात आली असती तेव्हापासून, मोजली जाते.

तेव्हा कमर्शियल स्ट्रीटवरच्या सेल्समनला ‘चूक तुमची, पैसे माझे’ असं म्हणता येणार नाही. पण मालकाचा हक्क मान्य केला म्हणजे त्याने तो हवा तसा वसूल करावा, असं होत नाही. इथे दुसरा कायदा आडवा येतो.

१९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने पगारातून कोणत्या कपाती करता येतील याची यादी ठरवून दिली होती. त्या यादीबाहेरची कपात बेकायदा. जादा दिलेल्या वेतनाचं समायोजन या यादीत पहिल्यापासून आहे. मात्र या कायद्याचं संरक्षण एका ठरावीक पगारापर्यंतच मिळायचं. २०१७ मध्ये ही मर्यादा महिना २४ हजार रुपये झाली होती. पंचवीस हजार मिळवणारा माणूस त्याच्या बाहेर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि ही पगाराची अट गेली. आता वेतनाच्या वेळेचे आणि कपातीचे नियम दुकानातल्या मदतनिसाला आणि व्हाइटफील्डमधल्या संगणक अभियंत्याला सारखेच आहेत. या संहितेचं कलम १८ वाचण्यासारखं आहे. जादा वेतन कापून घेता येतं असं ते म्हणतं, आणि त्याच श्वासात सांगतं की एका वेतनकाळात सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. सगळ्या कपाती, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, उचलीचा हप्ता, जादा पगाराची वसुली, जे काही असेल ते सगळं मिळून.

आकडे घेऊन पाहू. एका कामगाराचा महिन्याचा पगार ३०,००० रुपये, त्यात मूळ पगार २०,०००. चार महिने त्याच्या मूळ पगारात चुकून ५,००० जास्त धरले गेले. मालक म्हणतो, चार पंचे वीस, वीस हजार परत दे. पण कामगाराच्या हातात वीस हजार आलेलेच नाहीत. जादा पाच हजारांवरही १२ टक्के दराने भविष्य निर्वाह निधी कापला गेला असेल, तर महिन्याला ६०० रुपये, चार महिन्यांचे २,४०० रुपये निधीच्या खात्यात गेले. हातात आले १७,६००. निधीत गेलेली रक्कम पुढच्या महिन्यांच्या भरण्यात जुळवून घेणं हे मालकाच्या हिशेबनिसाचं काम. तेवढ्यासाठी कामगाराने खिशातून पैसे घालू नयेत. आता १७,६०० रुपये एकाच महिन्यात कापता येतील का? निम्म्याची मर्यादा १५,००० ची. त्यात नेहमीचा निधी २,४०० आणि, समजा, आधीच्या उचलीचा हप्ता ३,०००. उरले ९,६००. एका महिन्यात याहून जास्त कापणं कायद्यात बसत नाही. आणि ९,६०० कापले तर त्या महिन्यात हातात १५,००० येतील. घरभाडं, शाळेची फी, गावाकडे पाठवायचे पैसे सगळं त्यातूनच. म्हणून कायद्याची कमाल मर्यादा हा वसुलीचा हप्ता समजू नये. २,२०० रुपयांचे आठ हप्ते केले तर तीच रक्कम फिटते आणि घरही चालतं. चूक चार महिने चालली होती. ती निस्तरायला आठ महिने लागले तर मालकाचं काही बिघडत नाही.

हातात आलेली रक्कम आणि कागदावरची रक्कम यांतला हा फरक किरकोळ वाटतो, पण कॅनडात त्यावरून मोठं रान उठलं होतं. तिथल्या केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘फीनिक्स’ नावाची नवी पगारप्रणाली सुरू केली आणि कोणाला पगारच नाही, कोणाला कमी, कोणाला दुप्पट, असा गोंधळ वर्षानुवर्षं चालला. ज्यांना जास्त मिळाले होते त्यांच्याकडून आधीच्या वर्षाची रक्कम मागताना कर कापण्याआधीचा पूर्ण आकडा मागितला जायचा. म्हणजे जे पैसे हाती आलेच नाहीत तेही आधी भरायचे आणि मग कर खात्याकडे परतावा मागत बसायचं. शेवटी कर कायदा बदलून, मालकाच्या चुकीने जास्त मिळालेले पैसे हातात आले तेवढेच परत करण्याची सोय करावी लागली. आपल्याकडे प्राप्तिकर कापला जात असेल तर आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपण्याआधी हिशेब मिटवणं दोघांच्याही सोयीचं. त्याच वर्षात चूक दुरुस्त झाली तर पुढच्या महिन्यांच्या करकपातीत ती सहज जिरते. वर्ष उलटलं की मालकाला आपलं विवरण सुधारावं लागतं, तुमचा फॉर्म १६ बदलतो, आणि तुम्ही विवरणपत्र भरलेलं असेल तर तेही पुन्हा पाहावं लागतं. म्हणून एप्रिलनंतर मागणी आली तर पहिला प्रश्न हाच विचारावा: त्या रकमेवर माझा जो कर कापून भरला, त्याचं काय?

बँकेच्या बाबतीतही लोकांचा गैरसमज असतो. मालकाने सांगितलं की बँक परस्पर पैसे काढून घेईल, असं वाटतं. बँकेने स्वतःच्या चुकीने एकच नोंद दोनदा केली असेल तर ती आपली नोंद दुरुस्त करू शकते. पण मालकाने स्वतः पाठवलेली रक्कम खात्यात जमा झाल्यावर, ती मागे फिरवण्यासाठी बँक साधारणपणे खातेदाराची संमती मागते. बँकेतून असा फोन किंवा पत्र आलं तर आधी रक्कम तपासावी आणि संमती लेखी द्यावी, आकड्यासह.

पैसे चुकून आलेत हे कळत असूनही ते काढून घेऊन पसार होणं ही मात्र वेगळी गोष्ट. दुसऱ्याची मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वतःच्या वापरात आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे. चिलेमध्ये २०२२ साली एका अन्नपदार्थ कंपनीतल्या कर्मचाऱ्याला महिन्याच्या पाच लाख पेसोंऐवजी साडेसोळा कोटींहून जास्त पेसो मिळाले. परत करतो म्हणाला, राजीनामा दिला आणि गायब झाला. २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ही चोरी ठरत नाही असा निर्णय दिला; कंपनीला पैशांसाठी दिवाणी मार्गाकडे पाहावं लागलं. जगभर ही बातमी मजेने वाचली गेली. पण भारतातल्या नोकरदाराने त्यावरून स्वतःबद्दल अंदाज बांधू नये, इथला कायदा वेगळा आहे. आपल्याकडे प्रामाणिकपणाचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे चूक लक्षात येताच मालकाला पाठवलेला दोन ओळींचा संदेश.

आता बोअरिंगसारख्या सरकारी रुग्णालयाकडे वळू. सरकारी खात्यांना वेतन संहितेचं कपातीचं प्रकरण आपोआप लागू होत नाही. सरकारने अधिसूचना काढली तरच. म्हणजे निम्म्याची मर्यादा इथे हाताशी नाही. पण इथे दुसरं कवच आहे, आणि ते न्यायालयांनी तीसेक वर्षांत तुकड्या-तुकड्याने घडवलं आहे.

सरकारी नोकरीत जादा पगार एखाद्या महिन्याचा नसतो, वर्षांचा असतो. वेतन आयोग आला की वेतननिश्चिती होते. त्यात एक टप्पा चुकला की ती चूक दर वर्षीच्या वेतनवाढीबरोबर वाढत जाते. महाराष्ट्रात कालबद्ध पदोन्नतीचा किंवा आश्वासित प्रगती योजनेचा लाभ एखाद्या वर्षाने आधी दिला गेला, कोणी एमएस-सीआयटी ही संगणक परीक्षा ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झालं नाही तरी वेतनवाढ चालू राहिली, अशी कारणं नेहमीची. ‘सेवार्थ’ किंवा ‘शालार्थ’ प्रणालीत आकडा एकदा गेला की तो दर महिन्याला निमूटपणे निघत राहतो. कर्नाटकात हेच काम ‘एचआरएमएस’ करते. मग निवृत्ती जवळ येते, सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे किंवा महालेखापालांकडे जातं, आणि पंधरा वर्षांपूर्वीची चूक तिथे सापडते. अतिप्रदान अमुक लाख, वसुली करावी, असा शेरा पडतो. उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, रक्कम अडकते. ज्याला मुलीच्या लग्नाचे किंवा घराच्या कर्जाचे पैसे त्यातून द्यायचे होते तो माणूस कार्यालयाच्या खेपा घालू लागतो. वेतननिश्चिती करणारा लिपिक, तिला मंजुरी देणारा अधिकारी, दर वर्षी सेवापुस्तकावर सही करणारे वरिष्ठ, यांच्यापैकी कोणालाच त्याची झळ बसत नाही. या अन्यायाबद्दल आपल्याकडे जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही.

न्यायालयांनी याकडे पाहिलं ते असं. श्यामबाबू वर्मा आणि इतर औषधनिर्मात्यांना १९७३ पासून चुकून वरची वेतनश्रेणी मिळत होती. १९८४ मध्ये ती खाली आणली. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितलं की श्रेणी दुरुस्त करा, पण त्यांची चूक नसताना दिलेले पैसे परत मागू नका. त्याच सुमारास रेल्वेतले गार्ड भगवान शुक्ला यांचं प्रकरण आलं. १९७० मध्ये त्यांचा मूळ पगार १९० रुपये ठरला होता. जुलै १९९१ मध्ये प्रशासनाने तो मागील तारखेपासून १८१ रुपये केला. फरक नऊ रुपयांचा, पण एकवीस वर्षांचा. त्यांना काही न विचारता, बाजू मांडू न देता हे केलं म्हणून न्यायालयाने तो आदेश रद्द केला. हरियाणातले ग्रंथपाल साहिबराम यांच्याकडूनही, त्यांनी कोणतीही खोटी माहिती दिलेली नसल्यामुळे, वसुली करू दिली नाही. कर्नल अक्कारा यांच्या २००६ च्या निकालात यामागचा विचार फार माणुसकीने मांडला आहे: खालच्या श्रेणीतला कर्मचारी मिळालेला पगार घरखर्चात घालवतो, तो आपलाच आहे असं मनापासून मानून वर्षानुवर्षं खर्च केल्यावर एकदम परत मागणं हे त्याच्यावर न पेलणारं ओझं टाकणं आहे.

पण ही रेष सरळ गेली नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये उत्तराखंडच्या चंडीप्रसाद उनियाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच उलट बाजू घेतली. हा पैसा करदात्यांचा आहे, तो चुकून देणाऱ्या अधिकाऱ्याचाही नाही आणि घेणाऱ्याचाही नाही, तेव्हा लबाडी नसली तरी परत घेता येईल, अशी ती भूमिका. हाही मुद्दा खोटा नाही. दोन्ही विचार समोरासमोर उभे राहिले, आणि त्यांची सांगड १८ डिसेंबर २०१४ च्या निकालात घातली गेली. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह. हे रफीक मसीह सरकारी नोकरीत भिंतींना चुना लावण्याचं काम करत. निकालाच्या नावातच कंसात त्यांचा हुद्दा आहे. आज देशातल्या सरकारी पगाराच्या वसुलीच्या कोणत्याही दाव्यात याच चुनाकाम करणाऱ्या कामगाराचं नाव घेतलं जातं.

त्या निकालाने पाच प्रसंगांत वसुलीला मनाई केली. तृतीय आणि चतुर्थ श्रेणी, म्हणजे गट क आणि गट ड, यांच्याकडून वसुली नको. निवृत्त झालेल्यांकडून, किंवा वसुलीच्या आदेशानंतर वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून नको. जादा पैसे पाच वर्षांहून जास्त काळ दिले गेले असतील तर नको. वरच्या पदाचं काम करून घेऊन त्याचा पगार दिला असेल, आणि कर्मचाऱ्याला खरं तर खालच्या पदावर ठेवायला हवं होतं असं नंतर लक्षात आलं असेल, तर नको. आणि या चारांत न बसणारं पण वसुलीचा त्रास मालकाच्या हक्काच्या मानाने फारच जड ठरेल असं कोणतंही प्रकरण. केंद्र सरकारने २ मार्च २०१६ च्या परिपत्रकाने हे प्रसंग आपल्या खात्यांना कळवले. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी: ही मनाई मागच्या पैशांच्या वसुलीला आहे. पुढचा पगार, आणि त्यावर ठरणारं निवृत्तिवेतन, बरोबर आकड्यावर आणायला न्यायालय अडवत नाही. ‘वसुली थांबली म्हणजे जुना पगार कायम झाला’ असं समजून कर्ज काढणारे पुढे अडचणीत येतात.

२०१६ मध्ये या कवचाला एक भोक पडलं. हरियाणातले न्यायिक अधिकारी जगदेव सिंग यांनी सुधारित वेतनश्रेणी घेताना लिहून दिलं होतं की जादा रक्कम निघाल्यास परत करीन. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे १,२२,००३ रुपये मागितले गेले. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, लिहून दिलं आहे, तेव्हा बांधील आहात. मात्र वसुली दोन वर्षांत विभागून, सोसतील अशा हप्त्यांत करा. आता आठवा, वेतन आयोगाचा विकल्प भरताना तुम्हीही असंच हमीपत्र दिलं होतं ना? महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हजारो कर्मचाऱ्यांनी ते न वाचता दिलं आहे, कारण ते दिल्याशिवाय फरक मिळत नव्हता. जगदेव सिंग न्यायिक अधिकारी होते, गट क किंवा ड मधले नव्हते, हा भेद कर्मचाऱ्यांचे वकील न्यायालयापुढे आवर्जून मांडतात, आणि तो मांडायलाच हवा. शिपायाने पगाराच्या फरकासाठी दिलेली सही आणि न्यायाधीशाने दिलेली सही यांना एकच वजन देणं मला तरी न्याय्य वाटत नाही.

त्यानंतरचे निकाल पुन्हा कर्मचाऱ्यांच्या बाजूने झुकले. केरळचे शिक्षक थॉमस डॅनियल १९९९ मध्ये निवृत्त झाले होते. त्यांच्याकडची वसुली सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. एप्रिल २०२५ मध्ये ओडिशाच्या जिल्हा न्यायालयातल्या लघुलेखकांनाही, जोगेश्वर साहू प्रकरणात, असाच दिलासा मिळाला. या निकालांत न्यायालय एक गोष्ट पुन्हा पुन्हा स्पष्ट करतं: ही सवलत कर्मचाऱ्याचा हक्क म्हणून नाही, तर होणारा त्रास पाहून दिलेली आहे. आणि कर्मचाऱ्याने खोटी माहिती दिली असेल, किंवा पैसे जास्त येतात हे त्याला ठाऊक होतं असं दिसलं, तर ती मिळत नाही.

महाराष्ट्रातल्या निवृत्तांसाठी निवृत्तिवेतन नियम, १९८२ मधला नियम १३४-अ महत्त्वाचा. त्याखाली निवृत्तिवेतनातून जादा रक्कम वसूल करता येते, पण आधी बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. नोटीस न देता थेट कपात सुरू झाली असेल तर पहिला मुद्दा तोच. राज्य कर्मचाऱ्यांनी महाराष्ट्रात मॅटकडे, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, आणि कर्नाटकात राज्य प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना उच्च न्यायालयाचा रस्ता धरावा लागतो.

बीएमटीसीच्या चालकाची स्थिती सरकारी आणि खासगी नोकरांच्या मधली. महामंडळ हे संविधानाच्या अर्थाने ‘राज्य’च आहे, म्हणून रफीक मसीहचा आधार त्याला घेता येतो, शिवाय मागे कामगार संघटना असते, जी एकट्या कर्मचाऱ्याच्या अर्जापेक्षा लवकर ऐकली जाते.

राहतो तो कमर्शियल स्ट्रीटचा सेल्समन. त्याच्यासाठी रफीक मसीह नाही. तो निकाल सरकारने नागरिकाशी समानतेने वागावं या तत्त्वावर उभा आहे, आणि दुकानदार म्हणजे सरकार नव्हे. रुग्णालयातल्या वॉर्डबॉयने पाच वर्षं जास्त पगार घेतला तर वसुली थांबू शकते. रस्त्यापलीकडे तेवढाच पगार घेणाऱ्या दुकानातल्या माणसाला तीन वर्षांपूर्वीचंही परत करावं लागतं. पगार मात्र दोघांनीही सारख्याच विश्वासाने घरात खर्च केलेला असतो. मालकाची चूक दीर्घकाळ चालली असेल तर खासगी नोकरीतही वसुलीला काळाची एक मर्यादा असली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. वेतन संहितेत ती घालता आली असती. घातली गेली नाही.

तरीही या सेल्समनच्या हातात काही गोष्टी आहेत. त्याच संहितेनुसार मालकाने पगारपावती द्यायलाच हवी. बेकायदा कपातीचा दावा झाला तर आपण देणं पूर्ण दिलं हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, कामगारावर नाही. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं व्हायला हवं. ‘जादा पगाराचा हिशेब लागेपर्यंत थांब’ असं सांगून पूर्ण वेतन महिनोन्महिने अडवता येत नाही. भविष्य निर्वाह निधीतली शिल्लक मालकाच्या येण्यासाठी जप्त होत नाही. ग्रॅच्युइटी जप्त करण्याची कारणं कायद्याने मोजकी ठेवली आहेत, कामगाराच्या गैरवर्तनाची किंवा त्याने केलेल्या नुकसानीची. मालकाच्या स्वतःच्या हिशेबातली चूक त्यांत नाही.

म्हणून मागणी आली की घाई करू नका. कोणत्या महिन्यात किती द्यायचे होते, किती दिले, त्यातून निधी आणि कर किती गेला, हातात किती आले, हे सगळं महिनावार लेखी मागा. आपल्या बँक पासबुकाशी आणि पगारपावत्यांशी ताडून पाहा. मालकाच्या मागणीतही चूक असू शकते, पहिल्यांदा ज्याने चूक केली त्यानेच हा हिशेब केलेला असतो. आकडा पटला तर तो मान्य करा आणि हप्ता तुम्हीच सुचवा. हप्त्यांच्या संमतिपत्रावर एकूण रक्कम, हप्ता आणि शेवटचा महिना लिहिलेला असेल तरच सही करा. कोऱ्या जागा असलेल्या किंवा ‘वेळोवेळी निघेल ती रक्कम’ असं म्हणणाऱ्या कागदावर करू नका. खात्यात नेहमीपेक्षा जास्त पैसे दिसले तर मागणीची वाट न पाहता कळवा आणि तेवढी रक्कम बाजूला ठेवा. आणि मालक हे वाचत असतील तर त्यांना विनंती: चूक तुमच्या हिशेबात झाली, तेव्हा पहिलं पत्र दिलगिरीचं असू द्या, वसुलीचं दुसरं.

कपात निम्म्याहून जास्त झाली, किंवा हिशेब न देता झाली, तर कामगार स्वतः, त्याची संघटना किंवा निरीक्षक दावा दाखल करू शकतात. मुदत तीन वर्षांची आहे, आणि दावा खरा ठरला तर मूळ रकमेशिवाय दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. शिवाजीनगरच्या कामगाराने यासाठी बन्नेरघट्टा रस्त्यावरच्या कार्मिक भवनात, कर्नाटकच्या कामगार खात्याकडे, पगारपावत्या आणि पासबुकाच्या प्रती घेऊन जावं.